मायक्रोबायोलॉजीचं पहिलं वर्ष: पुस्तकाआधी जर्नल उघड

प्रश्न थोडक्यात असा. बार्शीहून पुण्यात आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय मायक्रोबायोलॉजी. ती लिहिते: "मॅडम, पुस्तक वाचते पण नावं डोक्यात राहत नाहीत. ग्राम स्टेनिंगला माझी स्लाइड दरवेळी सगळी गुलाबीच येते. डायल्यूशनच्या गणितात मार्क जातात. पेपर इंग्रजीत लिहायचा म्हटलं की हात थांबतो. इंटर्नलला कमी मार्क पडले. अभ्यास कसा करू? क्लास लावू का?"

क्लासचं शेवटी बोलू. आधी ती गुलाबी स्लाइड, कारण तुझ्या बाकीच्या बऱ्याच अडचणींचं टोक तिथेच सापडेल. मी पुण्यात बरीच वर्षं हा विषय शिकवते आणि त्याआधी भोसरीकडे एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करत होते, म्हणजे स्लाइडशी माझा संबंध मार्कांपुरता नाही.

ग्राम स्टेनिंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रॅनिन या क्रमाने रंगवून जंतूंचे दोन गट ओळखायचे: जांभळा राहतो तो ग्राम पॉझिटिव्ह, गुलाबी होतो तो ग्राम निगेटिव्ह. स्टॅफिलोकॉकस ऑरियस जांभळा दिसायला हवा आणि ई. कोलाय गुलाबी. तुझं सगळंच गुलाबी येतं, म्हणजे जांभळा रंग कुठेतरी निसटतोय. निसटायच्या जागा मोजक्याच आहेत. सगळ्यात मोठी जागा अल्कोहोलची. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन घड्याळ लावून मिनिटभर ठेवायचं असतं, पण अल्कोहोलच्या वेळी नजर स्लाइडवर हवी. स्लाइड तिरकी धर, ९५ टक्के इथेनॉल थेंबाथेंबाने सोड, आणि खाली गळणाऱ्या थेंबात जांभळेपणा दिसेनासा झाला की लगेच नळाखाली धर. पातळ स्मिअरला, म्हणजे स्लाइडवर पसरलेल्या जंतूंच्या थराला, हे दहा-वीस सेकंदांत होतं. शेजारणीशी बोलत अर्धा-पाऊण मिनिट ओतत राहिलं की स्टॅफसुद्धा रंग सोडतो.

दुसरी जागा कल्चरच्या, म्हणजे ट्यूबमध्ये वाढवलेल्या जंतूंच्या वयाची. १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर हवं. सोमवारच्या बॅचला शनिवारी लावलेली ट्यूब मिळाली असेल तर दोष तुझ्या हाताचा नाही. ग्राम पॉझिटिव्ह पेशी जुन्या झाल्या की त्यांची भिंत रंग नीट धरत नाही. बॅसिलसच्या बाबतीत तर हे हमखास. तिसरं, आयोडीनची बाटली बघ. चहाच्या रंगाचं द्रावण फिकट पिवळं झालं असेल तर नवं माग. चौथं, स्मिअर ज्योतीवर भाजू नकोस. दोन-तीनदा ज्योतीतून काढायची, हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम. आणि स्मिअर पातळ कर. वाळलेल्या स्मिअरखाली पेपरचा कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. जाड स्मिअरमध्ये उलटा घोळ होतो, ढिगाच्या आतला जांभळा बाहेरच पडत नाही आणि ई. कोलायही जांभळा वाटतो.

पुढच्या प्रॅक्टिकलला एकाच स्लाइडवर तीन ठिपके घे: एका टोकाला स्टॅफ, दुसऱ्या टोकाला ई. कोलाय, मध्ये तुझा नमुना. दोन्ही टोकं बरोबर रंगली तरच मधल्याचं उत्तर खरं मानायचं. कंपनीत कंट्रोलशिवाय दिलेला निकाल कोणी वाचतसुद्धा नाही.

आता खरा मुद्दा. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं थिअरी आणि प्रॅक्टिकल हे दोन वेगळे विषय असल्यासारखं वागतात. थिअरी रात्री पाठ करायची, प्रॅक्टिकल बॅचच्या दिवशी उरकायचं आणि जर्नल सबमिशनच्या आदल्या दिवशी मैत्रिणीचं बघून भरायचं. तू हे उलटं कर. पुस्तक पहिल्या पानापासून वाचणं थांबव. त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल घे, त्यातल्या प्रत्येक पायरीसमोर "असं का?" असं लिही आणि फक्त त्या उत्तरासाठी पुस्तक उघड. सबंध अभ्यासक्रम असा बाहेर येतो. खोटं वाटत असेल तर ग्राम स्टेनिंगच घे.

अल्कोहोल ओतल्यावर स्टॅफ जांभळा का राहतो? कारण त्याच्या भिंतीत पेप्टिडोग्लायकनचा जाड थर असतो. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून आत मोठा संयुग तयार होतो; अल्कोहोलने थरातलं पाणी निघून छिद्रं आक्रसतात आणि तो संयुग आत अडकतो. ई. कोलायमध्ये हा थर अगदी पातळ असतो आणि त्याच्या बाहेर मेदाचं आणखी एक आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विरघळवतं, पातळ थराला काही धरून ठेवता येत नाही, रंग वाहून जातो. मग सॅफ्रॅनिन गुलाबी करतं. झाली पेशीभित्तिका. आता पुढे जा. पेनिसिलिन काय करतं? याच पेप्टिडोग्लायकनचे धागे एकमेकांना जोडू देत नाही. मग मायकोप्लाझ्मावर पेनिसिलिन का चालत नाही? त्याला भिंतच नाही. आपल्या अश्रूंमधलं लायसोझाइम काय करतं? हाच थर तोडतं. ग्राम निगेटिव्ह जंतूंचा संसर्ग रक्तात पसरला की जोराचा ताप आणि शॉक का येतो? त्या बाहेरच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडमुळे. टीबीचा जंतू ग्राम पद्धतीने नीट का रंगत नाही? त्याच्या भिंतीत मायकोलिक आम्लाचं मेण असतं, म्हणून कार्बोल फुक्सिन गरम करून आत घालावं लागतं. ते झील-नील्सन स्टेनिंग तुला पुढे येईलच. पेशीरचना, प्रतिजैविकं, रोगप्रतिकार, रोगजंतू अशी किती प्रकरणं एका स्लाइडवर आली बघ.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षकही हेच विचारतात, फक्त उलट्या बाजूने. आयोडीन घालायचं राहिलं तर? नुसता क्रिस्टल व्हायोलेट सहज धुऊन जातो, सगळं गुलाबी. अल्कोहोल राहिलं तर? सगळं जांभळं. सॅफ्रॅनिन राहिलं तर? ई. कोलाय रंगहीन, दिसणारच नाही. ही उत्तरं पाठ करायची नसतात. क्रमाचं कारण कळलं असेल तर ती आपोआप सुचतात.

ऑटोक्लेव्हचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचंही तसंच. जर्नलमध्ये सगळे लिहितात: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. मी विचारते, जंतू कशाने मरतात, दाबाने की उष्णतेने? निम्मा वर्ग दाब म्हणतो. मारते ती ओली उष्णता. दाब फक्त वाफेला शंभराच्या वर नेण्यासाठी. म्हणूनच आधी आतली हवा बाहेर काढावी लागते. हवा राहिली तर काटा १५ पौंड दाखवेल, पण आतलं तापमान १२१ पर्यंत पोहोचलेलंच नसेल, आणि दोन दिवसांनी तुझ्या "निर्जंतुक" माध्यमावर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यावर, कॉलन्या (जंतूंचे ठिपके) उगवतील. त्यातही पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि काट्यावर तेच १५ पौंड असले तरी आतली वाफ मुंबईपेक्षा जवळपास एका अंशाने थंड असते. वर्गातल्या कामात याने काही बिघडत नाही, पण काटा म्हणजे तापमान नव्हे हे एकदा डोक्यात बसतं. आणि १२१ च का, १०० का नाही? बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम यांचे एंडोस्पोर, म्हणजे कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्ह नीट चालतो का हे तपासायलाही जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूचेच स्पोर आत ठेवतात. ते मेले तर बाकीचे मेलेच. पावडर, तेल आणि कोरडी काचेची भांडी मात्र हॉट एअर ओव्हनमध्ये, १६० अंशांना दोन तास. कोरड्या उष्णतेला इतका जास्त वेळ का लागतो, हे मी सांगत नाही. शोध.

आता गणित. यात मार्क जातात ते गणित अवघड म्हणून नाही, एक पायरी विसरली जाते म्हणून. एक मिली नमुना नऊ मिली सलाइनमध्ये घातला की दहापट पातळ झाला. असं पाच वेळा केलं की लाखपट. शेवटच्या ट्यूबमधला ०.१ मिली प्लेटवर पसरला आणि ८४ कॉलन्या आल्या. आता घाई करू नकोस. ८४ या ०.१ मिलीमधल्या आहेत, म्हणजे त्या ट्यूबच्या एका मिलीत ८४०. ती ट्यूब लाखपट पातळ होती, म्हणून मूळ नमुन्यात एका मिलीला ८४० गुणिले एक लाख, म्हणजे ८ कोटी ४० लाख. सूत्र लिहिण्याआधी दरवेळी हे असं वाक्यात लिही, ०.१ चा दहाने गुणायचा टप्पा मग सुटत नाही. उत्तराच्या शेवटी "पेशी" लिहू नकोस, "सीएफयू प्रति मिली" लिही. स्टॅफचा अख्खा घोस एकच कॉलनी देतो आणि मेलेली पेशी एकही देत नाही, तेव्हा मोजल्या त्या कॉलनी तयार करणाऱ्या घटकांची संख्या आहे. ३० ते ३०० कॉलन्यांची प्लेटच का धरायची? तीसच्या खाली एखादी कॉलनी इकडेतिकडे झाली तरी उत्तर बरंच हलतं, तीनशेच्या वर कॉलन्या एकमेकींत मिसळतात आणि एकमेकींचं अन्न पळवतात. आणि दर डायल्यूशनला नवं पिपेट. हा नियम हाताला लागला नाही तर गणित कितीही बरोबर असो, आकडा चुकणार.

वाढीचा आलेखही आकड्यातूनच समजतो. चांगल्या माध्यमात, ३७ अंशांना ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा. एका पेशीच्या किती झाल्या? सुमारे १०७ कोटी. कॅल्क्युलेटरवर स्वतः दोनला दोनने गुणत जाऊन बघ, मग लॉग फेजमध्ये, म्हणजे या झपाट्याच्या वाढीच्या टप्प्यात, "लॉग" का घ्यावा लागतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

इतिहासाच्या प्रकरणावर फार वेळ घालवू नकोस. लेव्हेनहूक, पाश्चरची हंसमानेची चंबू, कॉखचा १८८२ चा टीबीचा जंतू, ग्रामची १८८४ ची पद्धत, फ्लेमिंगचं १९२८ चं पेनिसिलिन, एवढं क्रमाने आलं तरी पहिल्या वर्षाला निभावतं. यात एक नाव मात्र मी आवर्जून घालते, कारण मुलींना ते कोणी सांगत नाही. कॉखच्या प्रयोगशाळेत आधी माध्यम घट्ट करायला जिलेटिन वापरत. ते उबेला वितळायचं, शिवाय काही जंतू ते खाऊनच टाकायचे. आगर (समुद्रशैवालापासून मिळणारा जेलीसारखा पदार्थ) वापरून बघा हे सुचवलं फॅनी हेसे यांनी, कॉखच्या सहकाऱ्याच्या पत्नीने. स्वयंपाकघरात त्या ते वापरत होत्या. आगर जवळपास उकळेपर्यंत वितळत नाही आणि एकदा वितळल्यावर चाळिशीच्या आसपास थंड होईतो गोठत नाही. एप्रिलमधल्या पुण्यात जिलेटिनची प्लेट टेबलावर ठेवून बघ म्हणजे त्यांचे उपकार कळतील. हिंदुस्थानातलं एक नावही लिहून ठेव: शंभुनाथ डे. कॉलऱ्याचं विष जंतूबाहेर सोडलं जातं हे त्यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात दाखवून दिलं.

नावांचं काय करायचं? एक म्हणजे यादी पाठ करणं सोड. पहिल्या वर्षाला खरोखर लागतात ती वीस-पंचवीस नावं. प्रत्येकाला एक छोटं कार्ड कर: आकार, ग्राम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, कुठे सापडतो, काय करतो, आणि ओळखायची एक खूण. ई. कोलायच्या कार्डावर "मॅकॉन्की आगरवर गुलाबी कॉलनी, कारण लॅक्टोज आंबवतो" एवढं आलं की मॅकॉन्की आगरही शिकून झालं. आकार तर नावातच असतो: कॉकस गोल, बॅसिलस दांड्यासारखा, स्ट्रेप्टो म्हणजे साखळी, स्टॅफिलो म्हणजे घोस. काही नावांमागे माणसं आहेत. साल्मोनेलाचा माशाशी संबंध नाही, डॅनियल सॅल्मन नावाच्या पशुवैद्यावरून ते आलं. आणि एक नाव आपल्या शेजारचं आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध ज्या जंतूपासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हे तू आता विसरणार नाहीस. नाव लिहिताना प्रजातीचं (जीनसचं) पहिलं अक्षर मोठं, जातीचं (स्पीशीजचं) लहान, आणि हाताने लिहिताना दोन्हींखाली वेगवेगळी रेघ. एकच सलग रेघ मारली की मी अर्धा मार्क कापते. बरेच जण कापतात.

तुझ्या लॅबमधल्या ट्यूबवरचं लेबल कधी नीट वाचलंस का? तिथे बहुतेकदा एनसीआयएम आणि पुढे एक आकडा असतो. तो जंतू पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संग्रहातून आलेला असतो. पुण्यात असे आणखीही संग्रह आहेत, आगरकर संशोधन संस्थेत आणि विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसशी (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राशी) जोडलेल्या राष्ट्रीय केंद्रात. विषाणूंसाठी एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आहे, १९५२ पासून. सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतक्या संस्था एका गावात असणं ही साधी गोष्ट नाही. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शहरातल्या काही संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. त्या दिवशी जा आणि तिथल्या पीएचडी करणाऱ्या मुलांना प्रश्न विचार. ती फार आनंदाने सांगतात, सेल्फी काढणाऱ्यांनाच कंटाळलेली असतात.

घरी प्रयोग करायचे असतील तर एकच सांगते: ऑनलाइन आगरच्या प्लेट मागवून त्यावर मोबाइल, नोटा, बेसिनचं पाणी लावत बसू नकोस. काय वाढलं हे कळत नाही, आणि ते नष्ट करायला तुझ्याकडे ऑटोक्लेव्ह नाही. त्यापेक्षा दही लाव. कॉट बेसिसवर राहत असशील तरी काकूंकडून तीन वाट्या मिळतील. तिन्हींत तेवढंच उकळून निवलेलं दूध, तेवढंच विरजण. पहिली कोमट, दुसरी फ्रिजमधल्या गार दुधाची, आणि ती फ्रिजमध्येच ठेवायची. तिसरीत विरजण आधी उकळून घातलेलं. दर तासाला बघून लिही. पहिलीत बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं, मग थोड्या वेळात पटकन लागतं. पीएच ४.६ च्या आसपास आला की दुधातलं केसीन गोठतं. थंडीत तेच दही रात्रभर का लागत नाही, आणि तिसरी वाटी कंट्रोल का आहे, हे जर्नलमध्ये नसलं तरी लिही. इनॉक्युलम (विरजण), इनक्युबेशनचं तापमान, लॅग फेज (काहीच होत नाही असं वाटतं तो सुरुवातीचा वेळ), सगळं त्यात आहे.

इंग्रजीचं. समजून घ्यायला मराठी वापर, त्याबद्दल कोणाचं ऐकू नकोस. तंत्रसंज्ञा मात्र इंग्रजीतच ठेव. उत्तर लिहिताना लांब वाक्यं टाळ. एका वाक्यात एक गोष्ट, आणि शक्य तिथे आकृती. ग्राम स्टेनिंगच्या चार पायऱ्या आणि प्रत्येक पायरीनंतर दोन्ही पेशींचा रंग एवढा तक्ता पेन्सिलने काढला तर अर्धं उत्तर झालं. परीक्षकाला तुझं व्याकरण नव्हे, क्रम बघायचा असतो. रोज एक प्रश्न रूममेटला मराठीत मोठ्याने समजावून सांग आणि लगेच तोच पाच ओळींत इंग्रजीत लिही. ती कॉमर्सची असेल तर उत्तमच, तिला कळलं तर तुला कळलं.

राहिला क्लास. पहिल्या वर्षाला नको. क्लासवाल्याकडे बर्नर नसतो, ऑइल इमर्शन लेन्सचा मायक्रोस्कोप नसतो, आणि तुझं नेमकं तिथेच अडलंय. त्याऐवजी लॅबमधल्या मामांशी ओळख ठेव. माध्यमं तेच ओततात, कुठली आयोडीनची बाटली जुनी आहे हे त्यांना आमच्यापेक्षा आधी माहीत असतं. बॅच नसलेल्या दिवशी, सरांची किंवा मॅडमची परवानगी घेऊन, तास-दीड तास बसू देतात का विचार; नीट विचारणाऱ्या मुलीला सहसा नाही म्हणत नाहीत. त्या वेळात नवं काही करू नकोस. दोन गोष्टी कर: तीन ठिपक्यांची ती स्लाइड, आणि चार भागांत रेघोट्या ओढून केलेली स्ट्रीक प्लेट. स्ट्रीक करताना प्रत्येक भागानंतर लूपची तार लाल होईपर्यंत तापव आणि थंड होऊ दे. आगरला टेकवल्यावर चर्र आवाज आला तर घाई झाली, जंतू मेले आणि थोडे हवेतही उडाले. प्लेटच्या खालच्या बाजूला नाव लिही, झाकणावर नको, झाकणं बदलतात. इनक्युबेटरमध्ये पालथी ठेव आणि दुसऱ्या दिवशी सुट्या कॉलन्या आल्या का बघायला ये. काम झाल्यावर लेन्सवरचं तेल पुसून जा, नाहीतर पुढच्या वेळी मामा आत घेणार नाहीत.